पित्त, गॅस आणि ‘पोट साफ नाही’ : मेडिकलच्या काउंटरवरचे नेहमीचे प्रश्न

कोल्हापुरात माझं औषधाचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. सकाळी शटर वर ढकललं की पहिलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा पोटाचंच असतं. सोमवारी तर हमखास, कारण आदला दिवस मटणाचा. प्रश्न ठरलेले, त्यामुळे उत्तरंही घासून गुळगुळीत झालीत. ती एकदा लिहून काढावीत म्हणून बसलो. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. माझं काम कुठे संपतं आणि डॉक्टरांचं कुठे सुरू होतं, ते जागोजागी सांगितलंय. तेवढं वगळून वाचू नका.

“एक पित्ताची गोळी द्या.” पण पित्त म्हणजे नक्की काय?

हा प्रश्न खरं तर मीच गिऱ्हाइकाला विचारतो. आपल्याकडे ‘पित्त’ या एका शब्दाच्या पोतडीत निदान चार दुखणी कोंबलेली असतात. कुणाच्या छातीत जळजळतं, करपट ढेकर येतात, आंबट पाणी घशाशी येतं. कुणाचं अर्धं डोकं ठणकतं, उजेड नको होतो आणि उलटी झाली की बरं वाटतं. कुणाच्या अंगावर लाल गांधी उठतात. कुणाला चमचमीत जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते. आणि गोळी सगळ्यांना एकच हवी असते.

यातलं पहिलं तेवढं आम्लाचं. अर्धं डोकं दुखून उलटी होणं हे बहुतेकदा अर्धशिशीचं लक्षण असतं. तिथे मळमळ डोकेदुखीबरोबर येते, पोटातून वर चढत नाही. आमच्या गल्लीतल्या एक शिक्षिका दहा-बारा वर्षं ‘पित्ताचा त्रास’ म्हणून दर महिन्याला गोळ्यांचा पत्ता न्यायच्या. एकदा म्हटलं, मॅडम, कॅलेंडरवर तारखांना गोल करा. तीन महिन्यांनी कॅलेंडरच घेऊन आल्या. प्रत्येक गोल पाळीच्या दोन दिवस आधीचा. ते कॅलेंडर घेऊन त्या डॉक्टरांकडे गेल्या, अर्धशिशीचे उपचार सुरू झाले आणि माझं एक गिऱ्हाईक कमी झालं.

गांधी उठणं ही बऱ्याचदा ऍलर्जी. बरगडीखालची कळ पाठीकडे किंवा उजव्या खांद्याकडे सरकत असेल तर पित्ताशयात खडे आहेत का ते बघायला सोनोग्राफी लागते. गंमत अशी की ‘पित्त’ हा शब्द शोभतो तो या शेवटच्या दुखण्यालाच. खरं पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशयात साठतं आणि चरबी पचवायला मदत करतं. छातीत जाळ करतं ते जठरातलं आम्ल.

मग ते आम्ल वर येतंच कसं?

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास खाली जाताना ते उघडतं आणि मिटतं. जठराला आतून जाड अस्तर आहे, त्यामुळे ते आम्ल सोसतं. अन्ननलिकेला तसं अस्तर नाही. कडं ढिलं पडलं, अवेळी उघडलं किंवा पोटातूनच दाब वाढला की आम्ल वर चढतं आणि छातीच्या मधोमध जळतं. काहींच्या जठराचा वरचा भाग छाती-पोटामधल्या पडद्यातून वर सरकलेला असतो, त्याला हायटस हर्निया म्हणतात. त्यांना हा त्रास जास्त.

कडं ढिलं करणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत : तेलकट जेवण, तंबाखू, सिगारेट, दारू, कॉफी, चॉकलेट आणि पुदिना. हो, पुदिनासुद्धा. जळजळ थांबावी म्हणून पेपरमिंटच्या गोळ्या चघळणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी. दाब वाढवणारी गोष्ट मुख्यतः एकच, सुटलेलं पोट. त्यावर करकचून पट्टा किंवा परकराची नाडी आवळली की काम पूर्ण.

सगळ्यांनाच छातीत जळतं असंही नाही. सकाळी घसा खरखरणं, न संपणारा कोरडा खोकला, आवाज बसणं ही कधी कधी याच आम्लाची करणी असते.

तांबडा रस्सा सोडायला लागेल का?

यावर मला कोल्हापुरात राहून खोटं बोलता येत नाही आणि खरं बोललं तर डॉक्टर रागावतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तिखटाने आम्लाची नदी वाहायला लागते असं नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन, अन्ननलिका आधीच सोललेली असेल तर झोंबतं. जखमेवर मीठ तसं. ज्याची अन्ननलिका धड आहे तो लवंगी मिरचीचा खर्डा खाऊनही निवांत झोपतो. ज्याला त्रास आहे त्याने जळजळ शमेपर्यंत तिखट आवरावं हे बरोबर, पण सगळं खापर मिरचीवर फोडू नये. रश्श्यावरचा लाल तवंग आठवा. ते तेल आहे. तेल-चरबीने कडं सैल होतं आणि जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. पांढरा रस्सा तिखट नसतो म्हणून लोक तो वाटीवर वाटी ओढतात. त्यात नारळाचं दूध, काजू, खसखस, शिवाय मटणाची चरबी. पोटाला तो तांबड्यापेक्षा हलका पडतो असं समजू नका.

तिसरी गोष्ट मात्र मला सर्वांत महत्त्वाची वाटते : घड्याळ. आपल्याकडे मटणाचं जेवण रात्री साडेदहाला सुरू होतं. आग्रह होतो, वाट्या फिरतात, बारा वाजतात, गाडीला किक मारून माणूस घरी येतो आणि थेट आडवा होतो. भरलेली घागर आडवी केली की काय होणार? तेच जेवण दुपारी एक वाजता, दोन वाट्या कमी घेऊन आणि नंतर संध्याकाळी रंकाळ्यावर एक फेरी, असं करून बघा. माझ्याकडच्या कितीतरी जणांची रविवारची गोळी एवढ्यावर सुटली. मी स्वतः तांबडा सोडलेला नाही. रात्रीचा सोडलाय.

सकाळची मिसळ? कट कमी मागा, दुसऱ्यांदा मागू नका आणि रिकाम्या पोटी आधी दोन कप चहा ढोसून मग मिसळीला बसू नका.

रात्रीच जास्त जळतं. झोपताना काय करू?

जेवण आणि अंथरूण यांत तीन तासांचं अंतर, हा पहिला उपाय. दुसरा म्हणजे पलंगाचं डोक्याकडचं टोक वर करणं. डोक्याकडच्या दोन पायांखाली सहा ते आठ इंचांचे लाकडी ठोकळे द्या, नाहीतर सरळ विटा. दोन-तीन उशा घेऊन हे साधत नाही, कारण मान आणि कंबर वाकते, पोट दाबलं जातं आणि उलट त्रास वाढतो. उतार खांद्यापासून हवा.

तिसरा म्हणजे डाव्या कुशीवर झोपा. जठराचा फुगीर भाग डावीकडे असतो. त्या कुशीवर आम्ल खाली साचतं आणि अन्ननलिकेचं तोंड वर राहतं. उजव्या कुशीवर नेमकं उलटं. आपल्याकडच्या ‘वामकुक्षी’ शब्दात डावी कूस आहेच, पण आपण लक्षात ठेवली ती फक्त दुपारची झोप! पोट भरल्या भरल्या मात्र डावी कूससुद्धा नको. आधी शतपावली, तीही खरीखुरी. मोबाईल बघत ओसरीवर उभं राहणं नव्हे.

थंड दूध प्यायलं की बरं वाटतं. रोज प्यावं का?

घोटभर प्यायलं तर थोडा वेळ गार वाटतं. नंतर दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. गंगावेशीत समोर म्हैस पिळून पेलाभर फेसाळ दूध पिण्याची आपली जुनी हौस आहे. पण म्हशीचं दूध म्हणजे चरबी भरपूर, रात्री जळजळणाऱ्याने तर लांबच राहावं. शिवाय न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयाचे जंतू येऊ शकतात. हे मी तालमीतल्या पोरांना सांगितलं की ती माझ्या दंडाकडे बघून हसतात. असो.

खायचा सोडा, फसफसणारी पावडर?

कधीतरी चालेल. आम्ल तेवढ्यापुरतं मारलं जातं, वायू तयार होतो, मोठा ढेकर येतो आणि माणसाला वाटतं काम झालं. पण त्यात सोडियम बरंच असतं. रक्तदाब, हृदय किंवा किडनीचा आजार असेल त्यांनी रोजची सवय लावून घेऊ नये. आठवड्यातून दोनदा किंवा जास्त वेळा लागत असेल तर दुखणं पावडरीच्या पलीकडे गेलंय.

पित्ताची गोळी कधी घ्यायची, आणि किती दिवस?

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल ही एकाच घरातली भावंडं. जठरात आम्ल सोडणारे जे पंप असतात ते बंद करणं हे त्यांचं काम. हे पंप जेवण आल्यावर सुरू होतात, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची, बहुतेकदा सकाळी उपाशीपोटी. जेवून, जळायला लागल्यावर गोळी टाकणारे रोज भेटतात. पूर आल्यावर धरणाचे दरवाजे बंद करून काय उपयोग? पूर्ण गुण यायलाही दोन-चार दिवस लागतात.

साधारण कोर्स चार ते आठ आठवड्यांचा. पुढे चालू ठेवायची की नाही हे डॉक्टर ठरवतात. काहींना खरोखर लांबवर लागते. ज्यांना रक्त पातळ होण्याच्या किंवा वेदनाशामक गोळ्या कायम आहेत, किंवा अन्ननलिकेला जखमा झाल्यात, त्यांनी ऐकीव भीतीने ती परस्पर थांबवू नये. पण उगाच वर्षानुवर्षं घेतली तर ब १२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी पडू शकतं, हाडं मोडण्याचा धोका वाढल्याचंही दिसतं.

आता माझीच फजिती सांगतो. कोविडच्या काळात दुकान पहाटेपासून रात्रीपर्यंत चालू, जेवणाला वेळ नाही. मी रोज एक पॅन्टोप्राझोल घ्यायला लागलो. हाताशी कपाट, कोण विचारणार? दोन वर्षांनी एका सकाळी ठरवलं, बास, आणि बंद केली. चौथ्या दिवशी छातीत असा वणवा पेटला की आयुष्यात कधी नव्हता. वाटलं, आता ही जन्माची सोबत. तसं नव्हतं. दाबून ठेवलेले पंप गोळी थांबल्यावर काही दिवस जोरात काम करतात, त्यामुळे जळजळ उसळते आणि माणूस घाबरून परत गोळी धरतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने मी आधी डोस निम्मा केला, मग दिवसाआड, मध्ये लागेल तेव्हा फॅमोटिडीन, हे आम्ल कमी करणारं वेगळ्या जातीचं औषध. दीड महिन्यात सुटली. दुसऱ्यांना पुड्या बांधून देणाऱ्याची ही गत!

दोन गोष्टी आणखी. ‘डी’ लावलेली गोळी म्हणजे सोबत डॉम्पेरिडोन. मळमळीला चांगलं, पण वयस्कर माणसांत आणि हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असणाऱ्यांत जपून वापरायचं औषध आहे, रोजच्या रतिबाला घालायचं नव्हे. आणि जुनी लाडकी रॅनिटिडीन अजून काही जण नावाने मागतात. तिच्यात एनडीएमए हा कर्करोगाशी संबंध असलेला घटक सापडल्यावर २०२० मध्ये अमेरिकेने ती बाजारातून काढायला लावली, आणि २०२२ मध्ये आपल्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतूनही ती वगळली गेली.

गॅस आहे की हार्ट, कसं ओळखायचं?

घरबसल्या ओळखायचं नाही. हेच उत्तर.

तीन-चार वर्षांपूर्वीची पावसाळ्यातली संध्याकाळ. नेहमी येणारे एक मामा, पंचावन्नच्या आसपासचे, काउंटरला टेकून उभे. “भावा, गॅस झालाय, काहीतरी जोरात दे.” बाहेर गार वारं आणि यांच्या कपाळावर घामाचे थेंब. मी काचेवर ठेवलेला त्यांचा हात बघितला तर काचेवर ओला पंजा उमटलेला. विचारलं, दुखतंय कुठं? त्यांनी मूठ छातीवर ठेवली. म्हणाले, “हितं कुणीतरी बसलंय.” मी गोळी दिली नाही. खुर्चीवर बसवलं, १०८ ला फोन लावला, पोराला बोलावलं. ते माझ्यावर चिडलेच, वीस रुपयांच्या पावडरीसाठी तमाशा म्हणून. ईसीजीत झटका निघाला. आता भेटले की काही न बोलता खांद्यावर थाप मारतात.

छातीत दाब किंवा आवळल्यासारखं वाटणं, घाम, धाप, जबडा-खांदा-डाव्या हाताकडे जाणारी कळ, चालताना-चढताना वाढणारं दुखणं, यातलं काहीही असेल तर सोडा-लिंबू करत बसू नका. मधुमेह असणाऱ्यांत आणि बायकांत तर कळ न येता नुसती मळमळ, दम लागणं, गळून जाणं एवढंच होऊ शकतं. सीपीआर (आमचं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) जवळ पडो वा एखादं खासगी, ईसीजी आधी. गॅस निघाला तर चांगलंच की.

दुर्बिणीची तपासणी (एंडोस्कोपी, तोंडातून नळी घालून जठर बघणं) केव्हा लागते? फार त्रास होतो का?

घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, रक्त कमी होणं, सतत उलट्या यातलं काही असेल तर लगेच. रक्ताची उलटी किंवा काळी शी झाली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता दवाखाना गाठा. (लोहाच्या गोळ्यांनीही शी काळपट होते, पण ती चिकट, घाण वासाची नसते.) पन्नाशीच्या पुढे नव्याने त्रास सुरू झाला किंवा महिनाभर गोळ्या घेऊनही फरक नाही, तरी डॉक्टर सांगतात.

तपासणीआधी सहा ते आठ तास उपाशी राहावं लागतं. घशात बधिर करणारा फवारा मारतात, हवं तर झोपेचं इंजेक्शन. काम काही मिनिटांचं. उमासे येतात, हे खोटं कशाला सांगू, पण दुखत नाही.

अल्सर तिखटाने होतो ना?

नाही. बहुतेक अल्सरना दोन कारणं : हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू आणि वेदनाशामक गोळ्या. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांचं म्हणणं कुणी मनावर घेईना, तेव्हा त्यांनी १९८४ मध्ये त्या जंतूचं पाणी स्वतःच पिऊन दाखवलं आणि पोट बिघडवून घेतलं. रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. जंतू सापडला तर दोन आठवड्यांच्या आसपास प्रतिजैविकांचा कोर्स असतो. तो मध्ये सोडू नका.

दुसरं कारण मला रोज दिसतं. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत दिवसभर उभं राहून पाठ धरते. येता-जाता चहाबरोबर एक डायक्लोफेनॅक, वर पित्ताची म्हणून एक गोळी, की झालं समाधान. महिनोन् महिने हे चालतं. सांधेदुखीची ‘रामबाण’ पुडी कुणाकडून घेत असाल तर तिच्यात स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेलं असू शकतं, हेही डॉक्टरांना सांगा.

पोट रोज साफ झालंच पाहिजे का?

दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, सगळं नॉर्मल. किती वेळा यापेक्षा कशी होते हे बघा. ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये एक तक्ता केला, त्यात शीचे सात प्रकार आहेत. शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे म्हणजे पहिला प्रकार, निव्वळ पाणी म्हणजे सातवा. केळ्यासारखी, मऊ, न कुंथता होणारी शी तिसऱ्या-चौथ्यात बसते, ती चांगली. आठवड्यात तीनपेक्षा कमी वेळा, खडा, कुंथावं लागणं, झाल्यावरही राहिल्यासारखं वाटणं, हे काही आठवडे चाललं तर बद्धकोष्ठ म्हणायचं. एक दिवस हुकला म्हणून एरंडेल घेऊ नका.

मी भाकरी खातो, तरी पोट साफ होत नाही. का?

दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू पोटात जायला हवेत. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम असतात, नाचणीत त्याहून थोडे जास्त, तर मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात तीनसुद्धा भरत नाहीत. म्हणजे एका भाकरीत पाच-सहा ग्रॅम धरा. आता दिवस मोजू. सकाळी चहा-खारी, मग मिसळ-ब्रेड, दुपारी एक भाकरी आणि भाताचा डोंगर, संध्याकाळी भेळ, रात्री पुन्हा भात आणि रस्सा. भाकरी ‘खातो’ म्हणणाऱ्याच्या ताटात भाकरी एकच! उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, पेरू, अक्खा मसूर हे वाढवा, पण दोन-तीन आठवड्यांत हळूहळू. एकदम वाढवलं तर पोट ढोलासारखं फुगतं आणि माणूस म्हणतो, आपल्याला भाजी बाधते.

तंतूंना पाणी लागतं. भट्टीजवळ काम करणाऱ्यांचं, उसाच्या फडात राबणाऱ्यांचं पाणी घामातच जातं. लघवी गडद पिवळी असेल तर आधी ते बघा.

आणि गूळ? कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला अभिमानच आहे. पण गुळात तंतू नसतात, ती साखरच. पोट साफ व्हायला म्हणून मधुमेही माणसाने खडा तोंडात टाकू नये.

इसबगोल कसं घ्यायचं?

एक-दोन चमचे, मोठ्या ग्लासभर पाण्यात, ढवळून लगेच, आणि वर आणखी एक ग्लास पाणी. पाण्याशिवाय घेतलं तर तेच घट्ट होऊन अडकतं. गिळायला त्रास असणाऱ्यांनी घेऊ नये. बाकीच्या औषधांत आणि यात दोन तासांचं अंतर ठेवा. परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो. “काल घेतलं, काही झालं नाही” म्हणून डबा परत आणू नका.

रोज चूर्ण घेतलं तर सवय लागते का?

बाजारातल्या बहुतेक ‘पोट साफ’ चूर्णांत सोनामुखी असते. आतड्याला चाबूक मारून पळवणारी. रात्री घ्या, सकाळी काम. कधीतरी ठीक आहे. पण रोज घेतली की आदल्या दिवशी पूर्ण रिकामं झालेलं आतडं दुसऱ्या दिवशी भरलेलंच नसतं, माणूस म्हणतो ‘आज झालीच नाही’ आणि डोस वाढवतो. पोटात मुरडा, जुलाब, पोटॅशियम कमी होणं हे त्यातून येतं. डबा उलटा करून घटक वाचा. ‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ हे वाक्य औषध न वाचणाऱ्याचं असतं. लांबवर घ्यायचंच असेल तर लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल ही पाणी धरून शी मऊ करणारी औषधं डॉक्टर देतात.

मिश्री लावल्याशिवाय होतच नाही, त्याचं काय?

मिश्री म्हणजे दातांना लावायची भाजलेल्या तंबाखूची पूड. हा प्रश्न बायका दुकानात गर्दी नसताना, आवाज खाली करून विचारतात. पुरुषांचं तेच तंबाखूच्या बाराबद्दल, पण ते मोठ्याने सांगतात. निकोटीनने आतडं हलतं हे खरं आहे, म्हणून कळ येते. त्याच निकोटीनने जठराचं कडं सैल पडतं. म्हणजे एक दार उघडायला दुसरंही उघडलं. तोंडाच्या कर्करोगाचं सांगायची गरज नसावी.

सकाळी उठल्यावर आणि काही खाल्ल्यावर आतडं आपोआपच हलायला लागतं, ही शरीराचीच सोय आहे. मिश्री त्या वेळेवर डल्ला मारून श्रेय घेते. एका आक्कांना मी सांगितलं : उठल्यावर कोमट पाणी, थोडं काहीतरी खाणं आणि मग रोज त्याच वेळी दहा मिनिटं बसणं. होवो न होवो, उठायचं. महिना लागला त्यांना. मिश्रीची डबी अजून सुटली नाही, पण आता ती अंघोळीनंतर लागते. एवढं तरी झालं. डबी पूर्ण सोडवायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे.

कमोडमुळे त्रास होतो का?

उकिडवं बसलं की गुदाशयाला आवळून धरणारा स्नायू सैल होतो आणि वाट सरळ होते. खुर्चीसारखं बसलं की ती वाकडी राहते. गुडघे साथ देत नसतील तर कमोडच वापरा, पण पायांखाली आठ-नऊ इंचांचं स्टूल ठेवा आणि थोडं पुढे झुका. मोबाईल बाहेर.

कुठल्या औषधांनी बद्धकोष्ठ होतं?

लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं, कोडीन असलेली खोकल्याची औषधं, काही रक्तदाबाच्या आणि मनोविकाराच्या गोळ्या, ऍल्युमिनियम असलेली पित्ताची पातळ औषधं. नवीन गोळी सुरू झाल्यावर पोट बसलं असेल तर तारीख जुळवून बघा आणि डॉक्टरांना सांगा, परस्पर बंद करू नका. थायरॉईड मंद असेल, मधुमेह जुना असेल तरीही असं होतं.

शीतून रक्त पडतंय. मूळव्याधच असेल ना?

असेल किंवा नसेल. लालभडक रक्त, दुखणं नाही, तर मूळव्याध असू शकते. शी करताना काच कापल्यासारखं दुखत असेल तर फिशर, म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर, त्यावर कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसणं आणि शी मऊ ठेवणं हे निम्मं औषध. पण आतड्याच्या कर्करोगातही रक्त पडतं. पंचेचाळिशीनंतर, किंवा घरात कुणाला तो झाला असेल, शीची सवय अचानक बदलली असेल, वजन उतरत असेल, तर खांबावर नंबर लिहिलेल्या ‘विनाऑपरेशन’वाल्याकडे न जाता सर्जनकडे जा. तपासून घेणं आपल्याला लाजेचं वाटतं, त्यात महिने जातात. डॉक्टरांना त्याचं काही वाटत नाही, त्यांचा रोजचा दिवस तसाच असतो.

बाळाला तीन दिवस शी झाली नाही. पानाचा देठ लावू का?

नको. विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून लावणं, साबणाची कांडी घालणं, दोन्हींनी नाजूक जागेला इजा होते. फक्त आईच्या दुधावरचं, दीड-दोन महिन्यांपुढचं बाळ चार-पाच दिवसही शी करत नाही. ते हसत-खेळत असेल, दूध पीत असेल आणि शी मऊ असेल तर वाट बघा. पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, दूध सोडलं तर ताबडतोब दवाखाना. जन्मल्यावर ४८ तासांत पहिली काळी शी झाली नाही तरीही. वर्षाच्या आत मध चाटवू नका.

शाळेतली पोरं वेगळ्याच कारणाने अडवून धरतात : शाळेचा संडास. एकदा दुखलं की पुन्हा अडवतात, शी आणखी खडा होते आणि हे चक्र चालू राहतं. त्यांना ओरडू नका, सकाळी शाळेआधी वेळ द्या.

उपवासाला पोट का बिघडतं?

कारण तो उपवास नसतोच. साबुदाण्यात तंतू जवळपास नाहीत, वर तूप, दाण्याचं कूट, तळलेली चकली आणि दिवसभर चहा. नवरात्रात नऊ दिवस हे चाललं की पाचव्या दिवशी माझ्याकडे गर्दी. रताळं, राजगिरा, फळं, ताक घ्या आणि रिकाम्या पोटी चहाचे कप मोजा.

गरोदरपणात जळजळ होते, काय चालतं?

थोडं-थोडं खाणं, डावी कूस, डोक्याकडे उतार. संप्रेरकांनी कडं सैल होतं आणि वाढतं गर्भाशय वर ढकलतं, त्यामुळे बहुतेकींना होतं आणि बाळंतपणानंतर जातं. औषध मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. शेवटच्या महिन्यांत वरच्या पोटात जोराची कळ, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी असेल तर पित्त म्हणून सोडू नका, रक्तदाब तपासा.

आजोबांना जुलाब होतायत, पण पोट टणक आहे. जुलाब थांबायची गोळी द्या.

देत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या गुदाशयात दगडासारखी शी अडकते आणि तिच्या कडेने पातळ पाणी गळत राहतं. घरच्यांना वाटतं जुलाब. जुलाब बंद करणारी गोळी दिली तर तो दगड आणखी पक्का होतो. डॉक्टरांना घरी बोलवा, बोटाने तपासल्यावर एका मिनिटात कळतं. बहुतेकदा एनिमाने मोकळं होतं.

गॅस डोक्यात चढतो का?

नाही. आतड्यातून डोक्यात जायला वाट नाही. गॅसला वाटा दोनच : एक वरून बाहेर, दुसरी खालून. डोकं दुखतंय म्हणाल तर वर शिक्षिकाबाईंचं कॅलेंडर आलंय, तिथे परत जा.